'डूम्सडे' आणि त्याचे सावकार

शेवटची रांग

काही सिनेमे बघताना आपण सिनेमा बघत नाही, यादी करत बसतो. नील मार्शलचा 'डूम्सडे' (२००८) परवा तिसऱ्यांदा पाहिला आणि या वेळी खरोखरच कागद-पेन्सिल घेऊन बसले. अर्ध्या तासाने पेन्सिल ठेवून दिली. इथे चोरी पकडण्यात काही मर्दुमकी नाही, चोरानेच चिठ्ठी लिहून ठेवली आहे. पथकातल्या दोन सैनिकांची नावं मिलर आणि कारपेंटर आहेत. एक 'मॅड मॅक्स'वाला जॉर्ज मिलर, दुसरा 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क'वाला जॉन कारपेंटर. दरोडा घालायचा आणि जाताना वहीत सही करून जायचं, असा प्रकार.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. (पुढे सगळं फोडणार आहे, मग बोंब मारू नका.) २००८ साली ग्लासगोत 'रीपर' नावाचा विषाणू पसरतो. सरकार उपचाराच्या भानगडीत न पडता अख्खं स्कॉटलंड बंद करतं. जुन्या हेड्रियनच्या भिंतीच्या रेषेवर नवी अजस्र भिंत उभी राहते. शेवटच्या हेलिकॉप्टरमध्ये एक आई आपल्या जखमी मुलीला कोंबते आणि स्वतः मागे राहते. आतले सगळे मेले असं धरून जग कामाला लागतं. २०३५ मध्ये तोच विषाणू लंडनमध्ये उगवतो आणि उपग्रहाच्या चित्रांत ग्लासगोच्या रस्त्यावर माणसं हिंडताना दिसतात. म्हणजे आत कुणाकडे तरी औषध असणार. मग ती हेलिकॉप्टरमधली मुलगी, आता मेजर ईडन सिंक्लेअर (रोना मित्रा), पथक घेऊन आत जाते. डॉक्टर केनला शोधायचं, तेही घड्याळाकडे बघत.

आता सावकार मोजू. भिंतीआड टाकलेलं शहर, तासांवर बांधलेली मोहीम आणि एका डोळ्याचं मुख्य पात्र 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क'कडून (१९८१). त्यातला नायक स्नेक प्लिस्किनच्या डोळ्यावर पट्टी होती. सिंक्लेअरचा डोळाच काढता येतो, त्यात कॅमेरा आहे. चिलखती गाडीतून ऐटीत जाऊन पहिल्याच धडकेत उधळलं जाणारं पथक 'एलियन्स'चं (१९८६). विषाणूने ओस पडलेला ब्रिटन '२८ डेज लेटर'चा (२००२). मोहॉक, कातडी पट्टे आणि शेवटचा पाठलाग 'मॅड मॅक्स २'चा (१९८१). आणि मध्येच, ध्यानीमनी नसताना, घोडे, चिलखतं, भाले आणि किल्ला. ते 'एक्सकॅलिबर'कडून, तोही १९८१चाच. मार्शलचा जन्म १९७०चा. म्हणजे यातले तीन सिनेमे आले तेव्हा हा मुलगा अकरा वर्षांचा होता. मला वाटतं सगळ्या सिनेमाचं स्पष्टीकरण एवढ्यात झालं.

तर माझी तक्रार उसनवारीबद्दल नाही. उसनं घेताना काय आणलं आणि काय तिथेच विसरला, याबद्दल आहे.

'मॅड मॅक्स २' डोळ्यांपुढे आणा. कातडी कपडे आठवतात, मोहॉकवाला वेझ आठवतो, पण तो सिनेमा चालतो पेट्रोलवर. सुरुवातीचा पाठलाग संपतो आणि दुसऱ्या एखाद्या सिनेमातला नायक जिथे सिगारेट पेटवेल, तिथे मॅक्स धावत जाऊन फुटलेल्या टाकीखाली मिळेल ते भांडं धरतो. नंतर तो चमच्याने कुत्र्यासाठीचा डबाबंद खाऊ खातो. कुत्रा आणि मॅक्सने पकडलेला वैमानिक, जायरो कॅप्टन, दोघंही त्या डब्याकडे सारख्याच आशेने बघत असतात. संवाद जवळजवळ नाहीत, पण या जगात काय उरलंय आणि कुणाच्या वाट्याला किती येतं, ते आपल्याला पाचव्या मिनिटाला कळलेलं असतं. मेल गिब्सन अख्ख्या सिनेमात पंधरा-सोळा वाक्यं बोलतो आणि काही अडत नाही.

'डूम्सडे'त सत्तावीस वर्षं कोंडलेल्या ग्लासगोत पोरांच्या गाड्या एका झटक्यात सुरू होतात. केसांचे रंग ताजे. टोळीचा नायक सोल स्टेजवर येतो तेव्हा दिव्यांचा लखलखाट आणि 'फाइन यंग कॅनिबल्स'चं गाणं. (नरभक्षकांच्या जेवणावळीला याच बँडचं गाणं! या विनोदासाठी मी बरंच माफ करते.) मग पकडलेल्या डॉक्टरला भाजून वाटून खातात. का? भूक कुठे दिसते? सगळे धष्टपुष्ट. वीज आहे, पेट्रोल आहे, मेकअप आहे, मग माणूस कशाला खाताय? तर 'या प्रकारच्या' सिनेमात खातात म्हणून.

जगबुडीनंतरचा सिनेमा हा टंचाईचा सिनेमा असतो असं माझं म्हणणं आहे. कसली तरी एका गोष्टीची टंचाई हवी, बाकी सगळं तिच्यातून निघतं. नक्कल करणारे कपडे उचलतात आणि टंचाई मागे ठेवतात. पटतंय का? नसेल तर या.

उंटावरचा

आलो. बसायला जागा धरून ठेवतो, धागा शंभरी गाठणार.

तेलासाठी दारोदार फिरणारा पहिला माणूस आपला अश्वत्थामा. मॅक्स बराच नंतरचा.

कुंपण

शेवटची रांग (यापुढे नुसतं शेरां), लेख आवडला, पण मुद्दा पटला नाही. 'डूम्सडे'ला तुम्ही जी कसोटी लावताय ती त्याने मागितलेलीच नाही. हा सिनेमा म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाने सगळी खेळणी एकदम जमिनीवर ओतून मांडलेला डाव आहे. त्यात प्लास्टिकचा सैनिक घोड्यावरच्या सरदाराशी लढणारच. मार्शलनेच सांगितलंय की हेड्रियनच्या भिंतीचे अवशेष बघताना ही भिंत पुन्हा का बांधावी लागेल असा विचार त्याच्या डोक्यात आला, आणि आधुनिक सैनिकासमोर मध्ययुगीन सरदार उभा आहे हे चित्र दिसलं. बाकीचं सगळं त्या दोन चित्रांना जोडण्यासाठी घातलेलं भरताड.

दुसरं म्हणजे उसनं-उसनं म्हणून कुणाला झोडायचं? 'मॅड मॅक्स २' तरी कुठे आकाशातून पडला? बाहेरून आलेला एकटा माणूस, अडलेली वस्ती, तिच्यासाठी लढाई आणि शेवटी तो वस्तीत न राहता निघून जातो. हा 'शेन' (१९५३) आहे. वस्तीला वेढा घातलेले लुटारू जपानी दिग्दर्शक कुरोसावाचे. आणि वेस्टर्नवाल्यांनी कुरोसावाकडून उचललं ते तर कोर्टकचेरीपर्यंत गेलं. 'योजिम्बो' (१९६१) बघून सर्जिओ लिओनेने 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) केला. 'योजिम्बो'वाल्या तोहो कंपनीने हरकत घेतली आणि शेवटी तडजोडीत लिओनेच्या सिनेमाच्या जगभरच्या कमाईतले १५ टक्के जपानकडे गेले. तरी आज 'फिस्टफुल'ला कुणी नक्कल म्हणून हिणवत नाही. वीस वर्षं थांबा, 'डूम्सडे'लाही अभिजात म्हणतील.

शेवटची रांग

@कुंपण, सोळा तर होऊन गेली की हो. अजून तरी कुणी म्हटलेलं ऐकलं नाही. :)

पण 'शेन'चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. मिलरने 'शेन'ची टोपी आणि घोडा नाही घेतला. त्याने त्या वस्तीची अडचण घेतली आणि जमिनीच्या जागी पेट्रोल ठेवलं. पहिल्या 'मॅड मॅक्स'चा त्याचा सहलेखक जेम्स मॅककॉसलंड याने १९७३च्या तेलटंचाईत ऑस्ट्रेलियात पंपावर रांगेत उभी असलेली माणसं एकमेकांच्या अंगावर जाताना बघितली होती. मिलर स्वतः डॉक्टर, अपघात विभागात काम केलेला. म्हणजे पेट्रोलसाठी माणूस काय करतो हे एकाला ठाऊक आणि त्यानंतर त्या माणसाच्या हाडांचं काय होतं हे दुसऱ्याला. हा माल उसना नव्हता.

पिवळी कॅसेट

वा, माझ्या जिव्हाळ्याचा विषय. पण तुम्ही सगळे एकदम १९८१वरून २००८वर उडी मारताय. मधली गटारं कोण बघणार?

'मॅड मॅक्स २' आणि 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क' एकाच वर्षी आले आणि पुढच्या दोन वर्षांत इटालियन निर्मात्यांनी दोन्ही एकाच भांड्यात घालून ढवळले. एन्झो कास्तेलारीचा 'ब्रॉन्क्स वॉरियर्स' (१९८२), त्याचाच 'द न्यू बार्बेरियन्स' (१९८३), सर्जिओ मार्तिनोचा '२०१९: आफ्टर द फॉल ऑफ न्यूयॉर्क' (१९८३). तिकडे फिलिपिन्समध्ये सिरिओ सांतियागोने 'स्ट्रायकर' (१९८३) काढून तीच दुकानदारी सुरू केली. घरोघरी व्हिडिओ येत होता, दुकानांना कॅसेट हव्या होत्या, आत काय आहे त्यापेक्षा वेष्टनावरचं चित्र महत्त्वाचं. हे सगळे सिनेमे मी असेच चित्रं बघून आणलेत. एका कॅसेटच्या वेष्टनावर पेटलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा होता, सिनेमाभर वाट बघितली, पुतळा आलाच नाही.

आणि जगबुडीच का, तर स्वस्त पडते म्हणून. राजाराणीचा सिनेमा करायचा तर राजवाडा बांधा. भविष्यकाळाचा करायचा तर यंत्रं बांधा. जगबुडीनंतरचा करायचा असेल तर खडीची खाण, चार भंगार गाड्या आणि कपाटातले जुने कपडे पुरतात. जितकं दळभद्री तितकं खरं वाटतं. कारपेंटरनेसुद्धा न्यूयॉर्क म्हणून बराचसा सिनेमा सेंट लुईसमध्ये केला, कारण तिथला एक भाग १९७६च्या आगीनंतर तसाच जळका पडून होता. सिनेमातला पूल त्याने एका डॉलरला विकत घेतला आणि काम झाल्यावर परत केला म्हणतात. आणि तो ग्लायडर उतरताना पडद्यावर शहराचा हिरव्या रेषांचा सांगाडा दिसतो ना, तो संगणकाने काढलेला नाही. तेवढे पैसेच नव्हते. इमारतींची छोटी मॉडेलं काळी रंगवून कडांना चमकणारी पट्टी चिकटवली आणि त्यावरून कॅमेरा फिरवला.

'न्यू बार्बेरियन्स'मध्ये नायकाच्या गाडीच्या टपावर पारदर्शक घुमट आहे. कशासाठी ते विचारायचं नाही. मला तो घुमट 'डूम्सडे'तल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त आवडतो, कारण तो कुणीतरी, बहुधा दुपारच्या जेवणानंतर, स्वतः सुचवलेला आहे.

शेरां, तुमच्या टंचाईच्या मुद्द्याला मात्र एक अनपेक्षित साक्षीदार देतो. मार्तिनोच्या '२०१९'मध्ये अणुयुद्धानंतरच्या जगात पंधरा वर्षं एकही मूल जन्मलेलं नाही. पार्सिफाल नावाच्या नायकाला न्यूयॉर्कात पाठवतात, का, तर जगातली शेवटची मूल होऊ शकणारी बाई तिथे आहे. साचा पूर्ण कारपेंटरचा, तिथे सोडवून आणायच्या राष्ट्राध्यक्षाच्या जागी ही बाई. पण टंचाई स्वतःची! पी. डी. जेम्सची 'द चिल्ड्रन ऑफ मेन' कादंबरी आली १९९२मध्ये, तिच्यावरचा सिनेमा २००६मध्ये. मार्तिनोने काय केलं असेल ते असो, रोमच्या स्टुडिओत घाईघाईने पाडलेल्या जिलबीत ती कल्पना आधी होती.

नुसती वाचक

एरवी नुसती वाचते, पण भिंतीबद्दल कुणी बोलेना म्हणून.

हेड्रियनची भिंत म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडची सीमा नव्हे. इसवी सन १२२च्या सुमारास बांधकाम सुरू झालं, लांबी साधारण ११७ किलोमीटर, आणि ती आजच्या इंग्लंडातच आहे, अख्खीच्या अख्खी. पूर्वेला तर आजची सीमा तिच्या बरीच उत्तरेला आहे. म्हणजे त्या रेषेवर भिंत घालून सरकारने स्कॉटलंडबरोबर नॉर्थंबरलंडचा मोठा तुकडाही गपचूप आत ढकलला. न्यूकॅसल या भिंतीला खेटून आहे, आणि मार्शल न्यूकॅसलचा. आपल्याच गावाच्या उंबऱ्यावर भिंत घातली पठ्ठ्याने. अर्धं गाव आत अर्धं बाहेर. ती गोष्ट करायची होती, ग्लासगोपर्यंत जायची गरजच नव्हती.

किल्ल्याचा भाग मात्र मला आवडतो, सगळे त्याला हसतात तरी. ब्लॅकनेस कॅसल आहे तो, समुद्रात शिरलेल्या जहाजाच्या आकाराचा. केन डॉक्टर होता, त्याला कळलं की औषध वगैरे काही नाही, जी माणसं वाचली ती जन्मजात वाचली. म्हणून तो विज्ञानावर पाणी सोडून मध्ययुगात जाऊन बसला. आणि ही भूमिका कुणाला दिली? माल्कम मॅकडॉवेलला! १९७१मध्ये 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'मध्ये उनाड पोरांच्या टोळीचा म्होरक्या होता तोच. आता टोळी त्याच्या मुलाची आहे आणि बाप किल्ल्यात बसून पोरांना नावं ठेवतोय. सोल हा केनचा मुलगा, हे सिनेमात दोन वाक्यांत उरकलंय. माझ्या मते सिनेमा तिथे होता.

उंटावरचा

नुवा, इतकी वर्षं गप्प का होतात तुम्ही?

कुंपण

+१. बाप-मुलाचा मुद्दा मान्य. तिथे त्याने हातातलं सोडलं.

गंजलेला गिअर

उशिरा आलो, काम होतं. माझा धंदा गाड्या दुरुस्तीचा, त्यामुळे मला यात एकच गोष्ट दिसते.

बेंटली.

किल्ल्यातून सुटल्यावर सिंक्लेअरला जमिनीखालच्या साठ्यात एक कोरी बेंटली कॉन्टिनेंटल जीटी सापडते. कुलूपबंद, चकाचक. बसते, बटण दाबते, गाडी सुरू. सत्तावीस वर्षांनी. चित्रपटगृहात मी एवढ्या मोठ्याने हसलो की पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून बघितलं.

पेट्रोल हे एक रसायन नाही, हलक्या-जड अशा बऱ्याच हायड्रोकार्बन्सचं मिश्रण आहे. हलका भाग आधी उडून जातो, आणि इंजिन थंड असताना पेट घेतो तो हाच भाग. उरलेल्याची हवेशी क्रिया होऊन चिकट राळ बनते. बंद डब्यात सहा महिने, फार तर वर्ष. त्यात इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते ओलावा धरतं आणि पाणी खाली बसतं. एका गिऱ्हाइकाने दोन वर्षं उभी ठेवलेली गाडी माझ्याकडे आणली होती. टाकी उघडली तर वास पेट्रोलचा नाही, जुन्या रंगाच्या डब्यासारखा. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये मधासारखं पिवळं काहीतरी गोठलं होतं, सुईने एकेक भोक मोकळं करताना संध्याकाळ झाली. दोन वर्षांत ही गत. सत्तावीस वर्षांत बॅटरी मेलेली, टायरला भेगा, ब्रेक ऑइलमध्ये पाणी, रबरी होजा हात लावला की तुटणार.

'मॅड मॅक्स २' या बाबतीत पक्का आहे. त्या वस्तीत जुन्या पेट्रोलचा साठा नाही, तेलाची विहीर आणि शुद्धीकरणाची यंत्रणा आहे. ताजा माल! म्हणून तर सगळे तिच्यावर तुटून पडलेत. ज्याने लिहिलं त्याने विचार केला होता.

आता चित्रपट सुधारून देतो, फुकट. ग्लासगोतली पोरं गाड्या कशावर चालवतील? लाकडाच्या वायूवर चालवता येतात, दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा युरोपात लाखो गाड्यांना मागे भट्टी लावली होती. पण त्याहून सोपं सांगू का? स्कॉटलंड आहे हो ते. दारूच्या भट्ट्यांची काय कमी? बाटलीतल्या ४० टक्क्यांवर इंजिन फुरफुरणारसुद्धा नाही, पण तीच पुन्हा पुन्हा गाळून नव्वदच्या वर नेली, जेट मोठे केले, तर पेट्रोल इंजिन अल्कोहोलवर चालतं. ब्राझीलमध्ये वर्षानुवर्षं चालतंय. मायलेज कमी मिळेल, थंडीत कुरकुरेल, पण चालेल.

शेवटची रांग

गंगि!!! हीच ती टंचाई! प्यायची की टाकीत ओतायची?

कुंपण

बापरे. सोलची टोळी पाठलागाला निघते आणि अर्ध्यांच्या टाक्या रिकाम्या, कारण आदल्या रात्री जेवणावळ झाली. केनच्या किल्ल्यात घोडे का, तेही सुटलं. म्हाताऱ्याने दारू बंद केली असणार.

पिवळी कॅसेट

आणि डिस्टिलरी कुणाच्या ताब्यात यावरून बाप-मुलाचं भांडण. नुवांचा सिनेमाही यात बसला. कास्तेलारीने हे आठवड्यात काढलं असतं.

नुसती वाचक

मेजर सिंक्लेअरला तिथे सगळ्यात आधी सापडायला हवा होता तो शुद्धीवर असलेला ड्रायव्हर.

शेवटची रांग

हसून पोट दुखलं. पण एक गंभीर मुद्दा राहिला म्हणून लिहिते. कुंपण यांनी तोहोचा विषय काढला, त्याला ताजं जोडपत्र.

२०१२मध्ये 'लॉकआउट' नावाचा सिनेमा आला, कथाकल्पना ल्युक बेसोंची. अंतराळात तुरुंग, त्यात अडकलेली राष्ट्राध्यक्षाची मुलगी, तिला सोडवायला पाठवलेला तुसडा कैदी. कारपेंटरने फ्रान्समध्ये दावा लावला आणि २०१५मध्ये जिंकला. पुढच्या वर्षी अपिलात भरपाई वाढून साडेचार लाख युरोंवर गेली. गंमत कोर्टाच्या तर्कात आहे. तुरुंग-शहराची कल्पना कुणाच्या मालकीची नाही, हे कोर्टालाही मान्य होतं. पण पराक्रमाचा इतिहास असलेला उद्धट शिक्षा झालेला नायक, सुटकेच्या बदल्यात मोहीम, ग्लायडरऐवजी यानातून चोरून शिरणं, आत भेटलेल्या जुन्या साथीदाराचा मृत्यू, शेवटी गुप्त कागद स्वतःकडेच ठेवणं, हे सगळं त्याच क्रमाने आलं तर ती प्रेरणा राहत नाही, असा त्याचा सूर.

म्हणजे कायद्याच्या नजरेत 'डूम्सडे'ची विचित्र पद्धतच सुरक्षित म्हणायची. पाच घरी पाच पाच घास मागितले की कुणाच्याच घरचं जेवण चोरलं असं होत नाही!

कुंपण

माधुकरी म्हणा की. :)

त्याच कारपेंटरने 'मेटल गिअर सॉलिड' या व्हिडिओ गेमवर दावा करायला मात्र नकार दिला होता. त्यातल्या नायकाचं नावही प्लिस्किनसारखं स्नेकच आहे, तरी. का, तर गेम करणारा कोजिमा भला माणूस आहे. कायदा आपल्या जागी, मैत्री आपल्या जागी.

शेरां, तुमच्या टंचाईच्या कसोटीवर एकदा 'फ्युरी रोड' (२०१५) लावून बघितला. मिलर इथे स्वतःचंच उसनं घेतोय, तीस वर्षांनी. तिथला हुकूमशहा इमॉर्टन जो वरून पाणी सोडतो, खाली माणसं भांडी घेऊन धावतात, आणि तो लगेच नळ बंद करून वर सांगतो की पाण्याची सवय लावून घेऊ नका. आईचं दूध टाकीत साठवलंय. मॅक्सला तर रक्ताची पिशवी म्हणून गाडीच्या पुढे टांगलाय. टंचाई इतकी की माणसाच्या अंगातलं द्रवसुद्धा मोजून वाटतात. तर हो, मान्य, तुमचा मुद्दा पटला. पूर्ण नाही, पाऊण.

विषय निघालाच आहे म्हणून: तो मूळच्या जागी, ब्रोकन हिलला करायचा होता. 'मॅड मॅक्स २' तिथलाच. पण अवेळी पाऊस झाला आणि वाळवंटात फुलं उगवली. युनिटला नामिबियाला जावं लागलं. जगबुडीचा सिनेमा हिरवळीने अडवला.

उंटावरचा

'कल्की २८९८ एडी'बद्दल कुणीच कसं बोललं नाही? तिथेही काशी म्हणजे शेवटचं शहर, पाणी नाही, हिरवळ नाही, सगळं वर 'कॉम्प्लेक्स'मध्ये. आणि अश्वत्थामा स्वतः हजर, अमिताभ. मी पहिल्याच प्रतिसादात भविष्य सांगितलं होतं, नोंद घ्यावी. सावकार तिथेही भरपूर, पण एक सावकार घरचा आहे, त्याचं व्याज लागत नाही.

नुसती वाचक

'कल्की'साठी वेगळा धागा काढा. तो विषय इथे आणला तर मूळ विषय वाहून जाईल.

मला एकच जोडायचंय. उसनवारीची ही साखळी सिनेमाच्याही मागे जाते. मेरी शेलीने १८२६मध्ये 'द लास्ट मॅन' लिहिली. एकविसाव्या शतकाच्या अखेरची साथ आणि शेवटी उरलेला एकटा माणूस. रिचर्ड मॅथेसनची 'आय अ‍ॅम लेजंड' १९५४ची, तिच्यावर तीन सिनेमे (१९६४, १९७१, २००७), आणि रोमेरोने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) त्याच कादंबरीवरून सुचल्याचं कबूल केलेलं. यांच्यात टंचाई कशाची आहे माहितीये? माणसांची. बोलायला दुसरा माणूस नाही. 'डूम्सडे'त पहिली दहा मिनिटं ती आहे, हेलिकॉप्टरच्या दारात. मग गर्दी झाली.

शेवटची रांग

नुवा, ते हेलिकॉप्टर मी तिन्ही वेळा गिळत बघितलं, आणि तरी लेखात एका ओळीत उरकलं. चूक माझी.

तुमच्या सगळ्यांमुळे काल रात्री शेवटचा पाठलाग पुन्हा लावला. मागे 'टू ट्राइब्ज' वाजतंय, बेंटली सुसाट, सोल टपावर लटकलेला, आणि पुढे रस्त्यात आडवी बस. गाडी बसच्या आरपार जाते. आरपार! मी कबूल करते, तेवढ्या दोन मिनिटांत मला टंचाई-बिंचाई काही आठवलं नाही. हा सिनेमा खर्चसुद्धा वसूल करू शकला नाही याचं क्षणभर वाईट वाटलं. असलं काही गांभीर्याने करायला अकरा वर्षांचाच मुलगा लागतो.

गंगि, एकच विचारायचं राहिलं. बसच्या आरपार गेल्यावर ती गाडी पुढे किती चालेल?

गंजलेला गिअर

रेडिएटर पुढेच असतो. इंजिन तापून जाम होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन किलोमीटर. दारूवर चालवत असाल तर किंचित जास्त, अल्कोहोल जरा थंड जळतं.